शिकारी पक्षी सांभाळण्यास नव्याने सुरुवात करताना: पहिला पक्षी कोणता आणि केव्हा घ्यावा?

दूरदेशी

नमस्कार. मी मूळचा सांगलीचा असून गेली काही वर्षे नोकरीनिमित्त इंग्लंडमध्ये, डर्बीशायरच्या दक्षिण भागात, कुटुंबासह राहतो. हिवाळ्यात आमच्याकडच्या माळांवर उतरणारी आणि हवेत एकाच जागी पंख फडफडवत भक्ष्य हेरणारी खरुची पाहण्यात माझे लहानपण गेले. येथे आल्यावर एका शेतात हॅरिस हॉक जातीचा पक्षी हातावर घेऊन सशांच्या शिकारीला निघालेल्या एका वयस्क गृहस्थांना जवळून पाहण्याचा योग आला. तो पक्षी त्यांच्या मागोमाग या झाडावरून त्या झाडावर येत होता आणि शिट्टी ऐकताच हातावर परतत होता. हे पाहिल्यापासून फाल्कनरी, म्हणजे शिकारी पक्षी पाळून त्यांच्याकडून शिकार करवण्याची विद्या, शिकावी ही इच्छा मनातून जात नाही.

जवळच्या एका विक्रेत्याकडे चौकशी केली असता त्यांनी दोन गोष्टी सुचवल्या. पहिली अशी, की नवशिक्याने लहान पक्ष्यापासून म्हणजे खरुचीपासून, येथील भाषेत केस्ट्रलपासून, सुरुवात करावी. आणि दुसरी अशी, की पिल्लू तीन-चार आठवड्यांचे असतानाच घरी आणून स्वतःच्या हाताने भरवावे, म्हणजे त्याला माणसाचा लळा लागतो. खरुची हा पक्षी माझ्या परिचयाचा आणि आवडीचा असल्यामुळे पहिला सल्ला मला पटण्याजोगा वाटला, तरीही जाणकारांना विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये असे ठरवले आहे.

आठवड्यातील तीन दिवस मी घरून काम करतो. घरामागे बऱ्यापैकी मोठी बाग आहे. घरात आई असतात आणि त्या पूर्ण शाकाहारी आहेत, त्यामुळे पक्ष्याच्या खाण्याची व्यवस्था कशी करावी हाही प्रश्न आहे. परवाना लागतो का, रोज किती वेळ द्यावा लागतो आणि पक्षी याच वर्षी घ्यावा का, याविषयी अनुभवी सदस्यांनी मार्गदर्शन करावे ही विनंती.

डोंगरवाट

दूरदेशी, तुम्ही पक्षी घेण्याआधी विचारलेत याचा मला मनापासून आनंद झाला. मी इंग्लंडमध्येच राहतो आणि बरीच वर्षे हॅरिस हॉक बाळगून आहे. तुमच्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो: या वर्षी पक्षी घेऊ नका. शिकारीचा एक पूर्ण हंगाम, म्हणजे साधारण ऑक्टोबर ते फेब्रुवारी, एखाद्या जाणत्या माणसाबरोबर त्याच्या पक्ष्यामागे चाला. चिखलात, पावसात, रिकाम्या हाताने परतावे लागते त्या दिवशीही चाला. तुम्हाला शेतात भेटलेल्या त्या गृहस्थांकडेच पुन्हा जाऊन विनंती करा. १९२७ साली स्थापन झालेला ब्रिटिश फाल्कनर्स क्लब नवख्यांना जाणत्यांशी जोडून देतो. ग्लॉस्टरशायरमधील न्यूएंट येथे इंटरनॅशनल सेंटर फॉर बर्ड्स ऑफ प्रे ही संस्था आहे, तेथे शिकण्याची सोय आहे; भारतातील गिधाडे वाचवण्याच्या कामाशीही ही संस्था जोडलेली आहे, हे आपल्या वाचकांना आवर्जून सांगावेसे वाटते. लँट्रा या संस्थेचे नवशिक्यांसाठी प्रमाणपत्रही आहे. कायद्याने ते सक्तीचे नाही, पण ते मिळवताना पक्ष्याची निगा, साधने आणि गाठी यांची जी उजळणी होते ती उपयोगी पडते.

आता विक्रेत्याच्या दोन सल्ल्यांविषयी. दोन्ही सल्ले मला मान्य नाहीत, आणि दुसरा तर धोकादायक आहे.

खरुचीचे वजन साधारण २०० ग्रॅम असते. हॅरिस हॉकचा नर सुमारे ६०० ग्रॅमचा आणि मादी ९०० ग्रॅमच्या पुढे असते, कारण शिकारी पक्ष्यांत मादी नराहून मोठी असते. तुमच्याकडून अंदाज चुकून १० ग्रॅम वजन उतरले, तर हॅरिसच्या नराचे दोन टक्क्यांहून कमी वजन गेलेले असते, तर खरुचीचे पाच टक्के गेलेले असते, आणि त्याच रात्री कडाक्याची थंडी पडली तर सकाळी ती मेलेली आढळू शकते. लहान पक्षी म्हणजे सोपा पक्षी, ही समजूत याच कारणामुळे खोटी आहे. पक्षी जितका लहान, तितकी चुकीला जागा कमी. शिवाय खरुची मुख्यतः उंदीर आणि किडे खाणारी असल्यामुळे, जी शिकार पाहून तुम्ही या वाटेला लागलात ती तिच्याकडून होणार नाही.

तीन-चार आठवड्यांचे पिल्लू एकटे आणून हाताने भरवले, तर ते माणसालाच आपले आईबाप समजू लागते. ऐकायला हे गोड वाटते, पण पुढे असा पक्षी तुम्हाला पाहताच तासन्‌तास किंचाळत राहतो, अन्नावर पंख पसरून तुमच्यावरच धावतो, आणि मोठेपणी तुमच्या चेहऱ्यावर झेप घेण्यासही कचरत नाही. पायांची पकड हेच ज्याचे हत्यार आहे अशा पक्ष्याच्या बाबतीत ही बाब गंभीर आहे, विशेषतः घरात वयस्क माणसे आणि मुले असताना. बदक किंवा राघू वाढवण्याचा अनुभव येथे कामाला येत नाही. मुरब्बी माणसे विशिष्ट हेतूने काही जातींची पिल्ले हाताने वाढवतात, पण ते काम पहिल्या पक्ष्यावर करून पाहण्याचे नाही. तुम्ही विक्रेत्याला स्पष्ट विचारा, की पिल्लू त्याच्या आईबापांनी वाढवले आहे का, आणि ते किमान बारा आठवडे, शक्यतो सोळा आठवडे, त्यांच्याजवळ राहिले आहे का. उत्तर टाळले गेले, तर तेथून पक्षी घेऊ नका.

पहिला पक्षी म्हणून मी हॅरिस हॉकच सुचवेन. तो मूळचा अमेरिकेच्या नैर्ऋत्येकडील वाळवंटांपासून दक्षिणेस चिली-अर्जेंटिनापर्यंतचा. बहुतेक शिकारी पक्षी एकटे राहतात, पण हॅरिस कुटुंबाने मिळून शिकार करतो; निवडुंगाच्या शेंड्यावर जागा अपुरी पडली तर हे पक्षी एकमेकांच्या पाठीवरही उभे राहतात. सोबत्यांकडे लक्ष ठेवण्याची ही सवय असल्यामुळे तो माणसाबरोबर लवकर रुळतो आणि नवशिक्याचे काही चुकले तरी सांभाळून घेतो. मात्र तो उष्ण प्रदेशातला आहे हे विसरू नका. येथील हिवाळ्यात तो रात्री जमिनीलगत बांधून ठेवला, तर गोठणबिंदूखालच्या थंडीने त्याच्या पंखांची टोके सुजतात, रक्तपुरवठा थांबतो आणि कधी टोक गळूनही पडते. थंडीच्या रात्री त्याला वाऱ्यापासून आडोसा असलेल्या, गोठणार नाही अशा जागी उंचावर बसवणे ही हौस नसून गरज आहे.

कायद्याविषयी थोडक्यात. इंग्लंडमध्ये फाल्कनर होण्यासाठी वेगळा परवाना नाही. पण रानातला पक्षी पकडता येत नाही. पक्षी बंदिवासात जन्मलेला असावा लागतो, आणि पिल्लू लहान असताना पायात घातलेले अखंड कडे हा त्याचा मोठा पुरावा असतो. गॉसहॉक, सोनेरी गरुड अशा काही जातींची सरकारी नोंदणी करावी लागते. हॅरिस त्यांत येत नाही. पंख पूर्ण पसरता येणार नाहीत एवढ्या लहान पिंजऱ्यात पक्षी ठेवणे १९८१ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, आणि २००६ च्या प्राणीकल्याण कायद्याने त्याच्या आरोग्याची व गरजांची जबाबदारी पूर्णपणे तुमच्यावर येते. जमीन ज्याची आहे त्याची परवानगी, तीही लेखी, असल्याशिवाय पक्षी उडवू नका. माझा आग्रह असा, की परवानगी आधी मिळवा आणि पक्ष्याचा विचार नंतर करा. ज्याच्याकडे उडवायला रान नाही त्याचा पक्षी वर्षभर खुंट्यावर बसून राहतो, त्याच्या तळव्यांना फोड येऊन ते सडू लागतात, आणि अशा पक्ष्याला बाळगण्याला मी फाल्कनरी म्हणणार नाही.

सर्वात अधिक लिहावेसे वाटते ते वजनाविषयी, कारण सगळी विद्या अखेर वजनकाट्यावर येऊन ठरते. ग्रॅम अचूक दाखवणारा काटा घ्या, त्यावर बसण्याची दांडी लावा, आणि रोज एकाच वेळी पक्ष्याचे वजन करून वहीत लिहा. शेजारी त्या दिवशीचे हवामान, दिलेले अन्न आणि पक्षी कसा वागला हेही लिहा. पोट भरलेला पक्षी तुमच्याकडे येणार नाही, कारण त्याला येण्याचे कारणच नसते. उपाशी ठेवलेला पक्षी येईल, पण त्याच्यात शिकारीची ताकद नसेल आणि तो आजारी पडेल. या दोन टोकांच्या मधे ज्या वजनावर तो तल्लख, भुकेला आणि बलवान असतो ते त्याचे उडण्याचे वजन. ते दुसऱ्याच्या वहीतून घेता येत नाही, कारण प्रत्येक पक्ष्याचे निराळे असते आणि त्याच पक्ष्याचेही हवामानाप्रमाणे बदलते. थंडी वाढली की तेवढेच वजन टिकवायला अधिक अन्न द्यावे लागते, आणि पक्ष्याचे स्नायू भरत गेले की योग्य वजन थोडे वर सरकते. म्हणून काट्याबरोबर बोटांनीही पाहायला शिका: छातीच्या मधल्या हाडाच्या दोन्ही बाजूंचे मांस चाचपून पाहिले, की पक्षी भरलेला आहे की खंगतो आहे हे समजते. हा स्पर्श पुस्तकातून येत नाही, जाणत्याच्या पक्ष्यावर हात ठेवूनच येतो, आणि एक हंगाम दुसऱ्याबरोबर काढा असे मी म्हणतो त्याचे मुख्य कारण हेच आहे.

शिकवण्याचा क्रम मग सोपा आहे. पक्षी आधी तुमच्या हातमोजावर शांत बसतो, मग हातावर खातो, मग दांडीवरून हातावर उडी मारतो, मग लांब दोरी बांधून हळूहळू अंतर वाढवत तीस-चाळीस मीटरवरून बोलावताच येतो. दोरीवर तो दरवेळी विनाविलंब येऊ लागला, की दोरी सोडायची. हॅरिसच्या बाबतीत हे सारे काही आठवड्यांत होते. मोकळे सोडण्याआधी त्याच्या अंगावर, तो दूर गेल्यास शोधता यावा म्हणून, ट्रान्समीटर असलाच पाहिजे. पक्षी काहीशे पौंडांना मिळतो आणि चांगल्या ट्रान्समीटर-रिसीव्हरला कधी त्याहून अधिक पैसे पडतात, तरीही तेथे काटकसर करू नये.

रोजचा वेळ म्हणाल, तर हंगामात उजेड असतानाचे दोन तास धरा. डिसेंबरात येथे चारच्या सुमारास अंधार पडतो, म्हणून तुमचे घरून काम करण्याचे दिवस उपयोगी आहेत. उरलेल्या दिवसांचे काय, याचा विचार आत्ताच करा.

अन्न म्हणजे मुख्यतः एक दिवस वयाची, गोठवलेली कोंबडीची पिल्ले, लावे, उंदीर आणि ससे. हॅरिसच्या नराला दिवसाला दोन-तीन पिल्ले पुरतात. ती पूर्ण वितळवून द्यावी लागतात. पिसे आणि केस पोटात गेले पाहिजेत, कारण न पचलेल्या भागाची गोळी तो दुसऱ्या दिवशी सकाळी ओकून टाकतो आणि त्या गोळीवरून त्याच्या पोटाची प्रकृती कळते. बंदुकीने मारलेला ससा कोणी प्रेमाने दिला तरी खाऊ घालू नका. त्यातील शिशाच्या एखाद्या कणानेही पक्षी मरू शकतो. रानकबुतरेही टाळा, त्यांच्यापासून घशाचा रोग लागतो. आई शाकाहारी आहेत असे तुम्ही लिहिले आहे, म्हणून पक्ष्यासाठी वेगळा फ्रीझर, वेगळी सुरी, वेगळा पाट आणि हात धुण्याची वेगळी जागा ही सारी व्यवस्था घराबाहेरच्या शेडमध्ये करा. त्यांच्याशी आधी मोकळेपणाने बोला. रोज मेलेली पिल्ले हाताळणारा माणूस त्यांच्याच घरात वावरणार आहे, तेव्हा त्यांची संमती आधी असावी.

पानगळ

मी अमेरिकेत, पेनसिल्व्हेनियात राहते. डोंगरवाट यांनी एक हंगाम दुसऱ्याबरोबर काढण्याचा जो आग्रह धरला आहे, तो आमच्याकडे कायद्यातच लिहिलेला आहे, म्हणून तुलनेसाठी लिहिते. येथे परवान्याशिवाय शिकारी पक्षी ठेवता येत नाही. नवशिक्याला आधी एखादा अनुभवी फाल्कनर प्रायोजक म्हणून मिळवावा लागतो, लेखी परीक्षेत किमान ८० टक्के गुण मिळवावे लागतात, आणि पक्ष्याची खोली व साधने यांची तपासणी होते. त्यानंतर किमान दोन वर्षे शिकाऊ म्हणून काढावी लागतात, आणि त्या काळात एकच पक्षी बाळगता येतो. पुढच्या पायरीवर पाच वर्षे काढल्यावर सर्वात वरच्या वर्गात जाता येते. हवाई राज्यात तर फाल्कनरीला परवानगीच नाही.

येथे रानातला पक्षी पकडण्याची मुभा आहे, आणि बहुतेक शिकाऊ मंडळी शरद ऋतूत लाल शेपटीचा हॉक, तोही त्याच वर्षी जन्मलेला, पकडतात. घरट्यातले पिल्लू घेण्यास मात्र शिकाऊंना मनाई आहे. रानात जन्मलेल्या या हॉकांपैकी निम्म्याहून अधिक पहिले वर्ष पूर्ण करत नाहीत. म्हणून एक हिवाळा माणसाजवळ खाऊन-पिऊन, शिकार करून, वसंतात पुन्हा रानात सोडलेला पक्षी जगण्याच्या दृष्टीने फायद्यात राहतो. मला या पद्धतीतील ही सोडून देण्याची प्रथा सर्वाधिक प्रिय आहे.

दूरदेशी यांना एवढेच सुचवते, की प्रायोजक सक्तीचा आहे असे समजूनच चाला. या विद्येची किंमत फार मोठी आहे. डीडीटी या कीटकनाशकामुळे अमेरिकेत बहिरी ससाणा (पेरेग्रिन फाल्कन) नाहीसा होत चालला होता, तेव्हा स्वतः फाल्कनर असलेले प्राध्यापक टॉम केड यांनी १९७० साली पेरेग्रिन फंडाची स्थापना केली. बंदिवासात पिल्ले वाढवून ती उंच मनोऱ्यांवरून रानात सोडण्याचे तंत्र त्या चळवळीने फाल्कनरांच्या जुन्या पद्धतींवरूनच घडवले, आणि १९९९ मध्ये बहिरी ससाणा संकटग्रस्त जातींच्या यादीतून बाहेर आला.

सह्यवासी

हा धागा महाराष्ट्रातील वाचकही वाचत असतील, म्हणून एक गोष्ट स्पष्टपणे लिहून ठेवणे मला आवश्यक वाटते. वर जे वर्णन आले आहे त्यातील काहीही भारतात करता येत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार पकडणे, फासे लावणे, घरट्यातून पिल्लू वा अंडे काढणे हे सारे शिकारीच्याच व्याख्येत येते, आणि पहिल्या अनुसूचीतील जातींसाठी ३ ते ७ वर्षांच्या कैदेची तरतूद आहे. परदेशी जातीचा पक्षी आणला तरी त्याच्याकडून येथील तितर किंवा ससा मारवणे ही शिकारच ठरते. अधूनमधून शिक्र्याचे पिल्लू सापडले, पाळू का, असे प्रश्न येतात. त्याचे उत्तर नाही हेच आहे. वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे.

आपल्याकडे ही विद्या कधीच नव्हती असे मात्र नाही. आईन-ए-अकबरीत बादशहाच्या शिकारी पक्ष्यांचे आणि ते सांभाळणाऱ्यांचे स्वतंत्र वर्णन आहे. मराठी राज्याच्या अठरा कारखान्यांत शिकारखाना हा एक होता. भावनगरचे राजघराणे विसाव्या शतकातही ससाणे बाळगत असे, आणि त्याच घराण्यातील धर्मकुमारसिंहजी पुढे पक्षिशास्त्रज्ञ म्हणून मान्यता पावले. शिक्रा मुठीत धरून भक्ष्याच्या दिशेने फेकण्याची रीत तर खास आपल्या उपखंडातली. पिढ्यान्‌पिढ्या पक्षी पकडणाऱ्या बिहारमधील मीर शिकार समाजातील जाणत्यांचे कसब बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने पक्ष्यांच्या पायात कडी घालण्याच्या अभ्यासासाठी वापरले, आणि जुन्या विद्येचा याहून योग्य उपयोग मला सुचत नाही.

ज्यांना येथे राहून शिकारी पक्ष्यांचा सहवास हवा आहे त्यांनी दोन गोष्टी कराव्यात. सह्याद्रीच्या कड्यांवर घरटे करणारा शाहीन ससाणा दुर्बिणीतून पाहावा; नोव्हेंबरच्या अखेरीपासून लोणावळ्याच्या पठारांवर आफ्रिकेकडे निघालेले अमूर ससाणे थांबतात, तेही पाहावेत. आणि दुसरे म्हणजे मांजाने पंख कापलेल्या घारींवर उपचार करणाऱ्या, वनविभागाच्या मान्यतेने चालणाऱ्या केंद्रांत स्वयंसेवक व्हावे. पुण्यात रेस्क्यू चॅरिटेबल ट्रस्टचे असे केंद्र आहे. जखमी घार टॉवेलमध्ये कशी धरावी, तिचे पाय आधी का सांभाळावेत, तिचे वजन कसे करावे, हे तेथे शिकायला मिळते.

दूरदेशी

सर्वांचे मनःपूर्वक आभार. केस्ट्रल आणि हाताने भरवलेले पिल्लू हे दोन्ही विचार मी सोडून दिले आहेत, आणि त्या गृहस्थांना उद्याच भेटायला जाणार आहे. आईंशी बोलणे झाले. शेडमधील वेगळ्या व्यवस्थेला त्यांची हरकत नाही, मात्र पक्षी मुलांच्या खोलीकडे आणायचा नाही असे त्यांनी बजावले आहे.

एक अडचण उरते. आम्ही दरवर्षी डिसेंबरात तीन आठवड्यांसाठी सांगलीला जातो. पुढील वर्षी पक्षी घेतल्यास त्या काळात काय करावे?

डोंगरवाट

आईंची अट योग्य आहे, ती पाळा.

डिसेंबरचा प्रवास मात्र बदलावा लागेल. वर्षाचा क्रम असा असतो, की उन्हाळ्याच्या अखेरीस पिल्लू मिळते, सप्टेंबर-ऑक्टोबरात शिक्षण होते आणि नोव्हेंबरपासून ते खऱ्या अर्थाने शिकार करू लागते. नेमक्या त्याच वेळी तीन आठवडे खंड पडला, तर पक्ष्याचा दम जातो, वजन चढते, तुमच्याविषयी नुकतीच बसलेली खात्री ढिली होते, आणि जानेवारीत जवळजवळ पहिल्यापासून आरंभ करावा लागतो. वजन राखून उडवत ठेवणारा माणूस मिळाला तर गोष्ट वेगळी, पण पहिल्या हंगामात पक्षी दुसऱ्याच्या हाती देऊ नये असे माझे मत आहे.

भारतात जायचे ते जून-जुलैत जा. तेव्हा पक्षी पिसे टाकत असतो. त्याला उडवायचे नसते, भरपूर खाऊ घालून त्याच्यासाठी बांधलेल्या खोलीत मोकळा सोडायचा असतो, म्हणजे नवी पिसे सलग आणि मजबूत येतात. त्या काळात वजनाची बारीक चिंता नसल्यामुळे एखादा विश्वासू शेजारीही अन्न देऊ शकतो. मात्र तो माणूस पक्ष्याला ओळखणारा असावा, आणि शिकारी पक्ष्यांवर उपचार करणाऱ्या पशुवैद्याचा क्रमांक त्याच्याजवळ असावा. साधा कुत्र्या-मांजरांचा डॉक्टर यात पुरेसा नसतो. खोली बांधताना ती किमान दहा फूट लांब आणि आठ फूट रुंद ठेवा, एकामागे एक अशी दोन दारे करा, आणि भिंतीत बाहेरून अन्न सरकवण्यासाठी झडप असलेला उतरता पन्हाळ बसवा, म्हणजे शेजाऱ्याला आत जावे लागणार नाही आणि दार उघडे राहून पक्षी निसटण्याचा प्रश्नही येणार नाही.